अडचण चारचौघांत मांडा: ठाणे-नवी मुंबईतल्या लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ऑफिसात पावत्या आणि नोटिसा काढणारे मॅनेजर, कोर्ट नाक्यावर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणारे, वाशी-नेरुळच्या शाळांत निकालपत्रके तयार करणारे शिक्षक, तुर्भ्याच्या गाळ्यांवर हिशेब सांभाळणारे, घरी बसून दिवाळी अंकाची जुळणी करणारे, अशा तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. तुमच्यापैकी अनेकजण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमधले रायटर (मजकुरासाठी) आणि कॅल्क (हिशेबाच्या तक्त्यांसाठी) रोज वापरता. अडलात की व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसाला विचारता, उत्तर मिळते, काम पुढे सरकते.

माझी एकच विनंती आहे. अडचण खुशाल मराठीत विचारा, पण ती पुढच्या माणसाला शोधल्यावर सापडेल अशा सार्वजनिक जागी विचारा. आणि दोष तुमच्या सेटिंगचा नसून सॉफ्टवेअरचा असेल, तर तो लिब्रेऑफिसच्या दोषनोंदीत चढवा. तेवढे आपण केले नाही, तर देवनागरीची दुखणी दुरुस्त होणार नाहीत, कारण ती आहेत हेच तिकडे कोणाला कळत नाही.

मी अक्षरजुळणीचे काम करते. नौपाड्यात दुकान आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, क्वचित एखादा कवितासंग्रह रायटरमध्ये जुळवून पीडीएफ छापखान्यात पाठवते. त्यामुळे मला विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातला एक प्रश्न इतक्या जणांकडून इतकी वर्षे येतो आहे की तो इथे सविस्तर सांगते.

प्रश्न असा: "ताई, स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, साइझ वाढवली. इंग्रजी अक्षरे बदलली, मराठी जागची हलली नाहीत. सॉफ्टवेअर बिघडले का?"

बिघडलेले नसते. लिब्रेऑफिस प्रत्येक स्टाइलमध्ये लिप्यांची तीन वेगळी खाती ठेवते. एक पाश्चात्त्य लिप्यांचे, दुसरे चिनी-जपानी-कोरियनचे आणि तिसरे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'चे, ज्याला थोडक्यात सीटीएल म्हणतात. देवनागरी या तिसऱ्या खात्यात येते. अरबी, हिब्रू, तमिळ, थाई हेही तिथेच. प्रत्येक खात्याचा फॉन्ट, आकार, ठळकपणा आणि भाषा स्वतंत्र असते. ऑप्शन्समध्ये सीटीएलवर खूण नसेल तर स्टाइलच्या खिडकीत देवनागरीचा भाग दिसतच नाही. तुम्ही बदलता तो आकार फक्त इंग्रजीला लागतो. उपाय अगदी साधा आहे. टूल्स, मग ऑप्शन्स, मग लँग्वेजेस अँड लोकेल्स, मग जनरल. तिथे सीटीएलवर खूण करा आणि त्याच ओळीत भाषा मराठी निवडा.

ही भाषेची निवड फार महत्त्वाची आहे. बऱ्याच कॉम्प्युटरवर त्या जागी आधीपासून हिंदी असते. मग तुम्ही लिहिलेला प्रत्येक मराठी शब्द फाइलमध्ये हिंदी म्हणून नोंदला जातो. शुद्धलेखन तपासणी हिंदी कोश हाती घेते आणि पानभर लाल रेघा उमटतात. काही देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श स्वतंत्रपणे दिलेले असतात, पण मजकुरावर मराठीची नोंद असेल तरच ते वर येतात. आपल्या शासनाने प्रमाण मानलेली वळणे फॉन्टमध्ये हजर असून छापून येतात हिंदी वळणाची अक्षरे, ती केवळ एका निवडीपायी. अहवाल छापून हातात आल्यावर हे लक्षात येते तेव्हा वाईट वाटते.

एवढे सगळे समजावून सांगायला मला फोनवर वेळ लागतो, आणि मी आनंदाने तो देते. पण ज्याला सांगितले त्याचे काम झाले की उत्तर त्याच्या फोनमध्ये गाडले जाते. ऐरोलीतल्या शिक्षिकेला सांगितलेले कोपरीतल्या वकिलांच्या कारकुनाला सापडत नाही. परभणीतल्या ग्रामपंचायतीत हीच अडचण आलेल्या ग्रामसेवकाला तर ते सापडण्याची शक्यताच नाही. त्याने मराठीत शोधले तर त्याला काही मिळायला हवे की नको? लिब्रेऑफिसच्या प्रश्नोत्तरांच्या सार्वजनिक जागेत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशमध्ये सारखी चर्चा चाललेली असते. मराठीत लिहिणारी माणसे कुठे आहेत? ती इथेच आहेत, ठाण्यात आणि नवी मुंबईत, आपापल्या ग्रुपमध्ये.

दुसरे एक उदाहरण. एका सोसायटीच्या मॅनेजरची फाइल वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी उघडेना. वीज गेली तेव्हा ती अर्धवट सेव्ह झाली होती. रायटरची ओडीटी फाइल ही खरे तर झिप केलेली पेटी असते. तिची एक प्रत करून नावाच्या शेवटचे ओडीटी काढून झिप लिहिले आणि ती उलगडता आली, तर आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाइल मिळते आणि तिच्यात तुमचा सगळा मजकूर साध्या अक्षरांत असतो. मांडणी जाते, मजकूर वाचतो. त्या दिवशी पेटी उलगडली आणि इतिवृत्त परत मिळाले. ज्या फाइलची रचना जगजाहीर आहे, तिच्यातच असे करता येते. ओडीटी ज्यात मोडते ते ओडीएफ हे फाइलरचनेचे मानक ओएसिस या संस्थेने २००५ मध्ये मंजूर केले आणि २००६ मध्ये त्याला आयएसओ मान्यता मिळाली. हे ज्ञानही मी आजवर फोनवरच वाटत आले आहे. पुढचा फोन येण्याआधीच्या काळजीसाठी, लोड-सेव्हच्या सेटिंगमध्ये बॅकअप प्रत ठेवण्याची खूण आहे, ती आजच करून टाका.

आता दोषांकडे येते, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे.

लिब्रेऑफिसचे दोष बगझिला नावाच्या नोंदवहीत लिहिले जातात आणि ती कोणालाही वाचता येते. नवा दोष नोंदला की तो 'अनकन्फर्म्ड' म्हणून उभा राहतो. दुसऱ्या कोणीतरी आपल्या मशीनवर तेच करून पाहायचे आणि "होय, मलाही असेच दिसते" असे लिहायचे, मग तो पक्का होतो. स्वतः नोंदलेला दोष स्वतःच पक्का करू नये असा तिथला संकेत आहे. इथेच मराठीचे गाडे अडते. फॉन्टच्या रेषेवरून वेलांटी सरकली आहे किंवा रफार भलत्या अक्षरावर गेला आहे, हे युरोपातला स्वयंसेवक कसे ओळखणार? दऱ्या आणि दर्या यांत फरक आहे, आणि एकाच्या जागी दुसरे उमटले तर दऱ्यांचा समुद्र होतो, हे त्याला कोणी सांगायचे? म्हणून देवनागरीच्या एका नोंदीला दोन मराठी माणसे लागतात. कळव्यातल्या एकाने नोंदवायचे आणि नेरुळच्या दुसऱ्याने ताडून पाहायचे. यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मराठी वाचता येणारा डोळा पुरतो.

तिकडे ऐकणारे कोणी आहे का, असा प्रश्न रास्त आहे. आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरे जोडण्याचे काम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर हार्फबझ नावाच्या एकाच यंत्रणेकडे आहे. आधी प्रत्येक ठिकाणी वेगळी यंत्रणा होती, त्यामुळे एकीकडे नीट दिसणारे जोडाक्षर दुसरीकडे तुटू शकत असे. आता एकदा दुरुस्ती झाली की ती सगळ्यांपर्यंत पोचते. शिवाय लिब्रेऑफिस सांभाळणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनने अलीकडच्या वर्षांत उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या आणि सीटीएल लिप्यांच्या कामासाठी खास प्रोग्रामर नेमला. म्हणजे दुरुस्त करणारा हात आहे. त्याच्यापर्यंत आपली फाइल पोचायला हवी.

नोंद कशी करावी? "मराठी नीट दिसत नाही" एवढ्याने कोणालाच काही कळत नाही. हेल्पमधल्या अबाउटच्या खिडकीत आवृत्तीची माहिती कॉपी करण्याचे बटण आहे, ती जशीच्या तशी चिकटवा. फॉन्टचे नाव लिहा. दोष दिसेल अशी दोन-तीन ओळींची छोटी फाइल जोडा, स्क्रीनचे चित्र जोडा, आणि योग्य रूप कसे हवे ते दुसऱ्या चित्रात दाखवा. इंग्रजी साधे लिहिले तरी चालते. लिहिताना अडखळत असाल तर मला किंवा आपल्यातल्या कोणालाही मराठीत सांगा, आपण मिळून लिहू. त्याआधी हेल्पमधून सेफ मोडमध्ये लिब्रेऑफिस सुरू करून पाहा. सेफ मोडमध्ये तुमची सेटिंग बाजूला ठेवली जातात, आणि विचित्र वागण्याचे मूळ पुष्कळदा त्या सेटिंगच्या जुन्या साठ्यात, म्हणजे प्रोफाइलमध्ये असते. तिथे दोष नाहीसा झाला तर नोंदीची गरज नाही.

कोणता दोष लिब्रेऑफिसचा नाही, हेही आपणच एकमेकांना सांगितले पाहिजे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात आणि तो फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत असतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतरित करण्याला पर्याय नाही. आपल्या वाचनालयांच्या, मंडळांच्या, शिक्षणसंस्थांच्या किती स्मरणिका अशा फाइलींत अडकून पडल्या आहेत! ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी फॉन्ट सापडतो आहे तोवर त्या सोडवून घ्याव्यात.

मंगलचेही तसेच. मंगल हा विंडोजचा फॉन्ट. लिनक्सवर तो नसतो, मग त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट बसतो, ओळींची उंची बदलते आणि चार पानांचे पत्र पाच पानांवर जाते. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियासाठी कार्लिटो आणि कॅलाडिया हे त्याच मापाचे मुक्त फॉन्ट लिब्रेऑफिसबरोबर येतात, म्हणून इंग्रजी पत्राची मांडणी बहुतेक टिकते. मराठी पत्रासाठी दोन्ही बाजूंनी मुक्ता किंवा नोटो यांसारखा मोफत युनिकोड फॉन्ट ठरवून घ्या, आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट फाइलीतच घालण्याची खूण करा. एवढे करूनही मायक्रोसॉफ्ट वर्डची डॉकएक्स फाइल बिघडते का? कधी कधी बिघडते, विशेषतः तक्ते, चौकटी आणि मॅक्रो (आपोआप कामे करणाऱ्या आज्ञा) असलेली. ते मी लपवणार नाही. ज्यांचे सगळे काम गुंतागुंतीच्या मॅक्रोवर चालते त्यांना मी लिब्रेऑफिस घ्या म्हणून गळ घालत नाही. पण अशी बिघडलेली प्रत्येक फाइल ही एक नोंद आहे, हे लक्षात असू द्या.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. "फुकट मिळाले आहे, तक्रार कशाला करायची," असे मला पुष्कळ जण संकोचाने म्हणतात. इथे दात मोजणे हीच तुमची वर्गणी आहे. या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांत काही कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर आहेत, फाउंडेशनने नेमलेले थोडे आहेत आणि बाकीचे स्वयंसेवक आहेत. पैसे देणे जमत असेल तर जरूर द्या. नसेल तर नीट लिहिलेली तक्रार द्या. मात्र भाषा सभ्य ठेवा. समोरचा माणूस आपल्या पगाराचा नोकर नाही, आणि दोन दिवसांत उत्तर आले नाही म्हणून चिडून लिहिलेल्या चार ओळींमुळे पुढच्या मराठी माणसाचे ऐकण्याची कोणाची इच्छा राहत नाही.

हे सॉफ्टवेअर आज जिवंत आहे ते बोलणाऱ्या माणसांमुळे. जर्मनीत १९८५ मध्ये सुरू झालेल्या स्टार डिव्हिजनचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतले आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. पुढे काय होणार याची चिंता करणारी मंडळी एकत्र आली, २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि त्याच कोडवर लिब्रेऑफिस सुरू केले. मालक बदलला म्हणून वापरणाऱ्यांचे काम थांबले नाही, कारण कोड खुला होता आणि त्यावर बोलणारी माणसे एकमेकांना ओळखत होती.

जाता जाता: तुमच्याकडे अजून 'ओपनऑफिस' या नावाचे सॉफ्टवेअर असेल तर ते बदला. ते अपाचे या संस्थेकडे आहे, त्याची ४.१ ही मालिका २०१४ पासून चालू आहे, तिच्यात आता किरकोळ दुरुस्त्याच येतात, आणि त्यातून डॉकएक्समध्ये सेव्ह करता येत नाही. त्यातल्या अडचणी लिब्रेऑफिसच्या माथी मारून लोक निराश होतात, ते मी पाहते आहे.

मला केरळचा हेवा वाटतो. तिथल्या सरकारी शाळांत मुले मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतात, आणि 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या स्वयंसेवकांच्या गटाने मलयाळमचे फॉन्ट, लिपीची मांडणी, भाषांतर ही कामे वर्षानुवर्षे अंगावर घेतली. त्यांची लिपी आपल्यापेक्षा सोपी नाही. आपल्याकडे तर माणसांची कमी नाही. महापे, ऐरोली, वागळे इस्टेटच्या ऑफिसांत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करणारी किती मराठी मुले-मुली आहेत! दोष कसा नोंदवायचा हे त्यांना रोजच्या कामामुळे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले येते. त्यांना मी विशेष आग्रहाने सांगते: आठवड्यातला एक तास मराठीसाठी द्या. आमच्यासारख्यांकडे बिघडलेल्या फाइली आहेत, तुमच्याकडे त्या मांडण्याची शिस्त आहे.

हे आत्ताच का म्हणते? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. चांगले चालणारे पण विंडोज ११ न चालवू शकणारे कितीतरी कॉम्प्युटर शाळांत, सोसायट्यांत, छोट्या दुकानांत आहेत. त्यांतल्या काहींवर लिनक्स चढते आहे आणि त्याबरोबर लिब्रेऑफिस आपसूक येते. ही नवी माणसे पहिल्याच आठवड्यात तेच विचारतील: मराठीची साइझ का बदलत नाही, कॅल्कमध्ये स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे कसे पाडायचे, सभासदांच्या यादीवरून प्रत्येकाच्या नावाची नोटीस एकदम कशी काढायची. त्यांना मराठीत उत्तर सापडले तर ती टिकतील. नाही सापडले तर कोणीतरी त्यांना चोरीची प्रत टाकून देईल, आणि आपल्या शहरांत ती टाकून देणारे गल्लोगल्ली आहेत.

म्हणून माझा प्रस्ताव. महिन्यातून एका रविवारी भेटू या, एकदा ठाण्यात, एकदा वाशी किंवा नेरुळला. ट्रान्स-हार्बरची गाडी दोन्हीकडच्यांना सोयीची आहे. एखाद्या शाळेने संगणक कक्ष किंवा सोसायटीने हॉल दिला तर उत्तमच. भाषणे नकोत, उद्घाटन नको. प्रत्येकाने आपली अडलेली फाइल आणायची. सेटिंगचा प्रश्न असेल तर तिथेच सोडवायचा आणि उत्तर मराठीत लिहून सार्वजनिक करायचे. दोष असेल तर एकाने नोंदवायचा, शेजारच्याने ताडायचा. मेन्यूचे मराठी भाषांतर कुठे खटकले तर तेही टिपायचे, कारण भाषांतराचे कामही सर्वांना खुले आहे.

लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. तिच्या चाचणी प्रती काही आठवडे आधी मिळू लागतात; त्यांतल्या काही नेहमीच्या प्रतीला धक्का न लावता शेजारी बसवता येतात, पण शेवटच्या टप्प्यातल्या प्रती तिची जागा घेऊ शकतात, तेव्हा बसवण्याआधी पाहून घ्या. म्हणजे जानेवारी आणि जुलैच्या भेटींत आपण फक्त तेवढेच करू: आपापले जुने अहवाल, निकालपत्रके, नोटिसा नव्या प्रतीत उघडायच्या आणि कुठे काय हलले ते पाहायचे. आवृत्ती बाहेर पडण्याआधी सापडलेला दोष दुरुस्त होण्याची शक्यता जास्त असते.

येताना एक काळजी घ्या. दोषनोंदीत जोडलेली फाइल जगाला दिसते. सभासदांची नावे, फ्लॅट नंबर, थकबाकी, मुलांचे गुण, अशिलांचे पत्ते यांतले काहीही तिच्यात राहता कामा नये. मूळ फाइलची प्रत करा, खरा मजकूर काढून बनावट नावे आणि आकडे घाला, आणि दोष अजून दिसतो ना ते तपासा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचे स्वतःचे नाव असते, ते 'अप्लाय यूजर डेटा'ची खूण काढून तिथल्या रीसेटच्या बटणाने पुसता येते.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी आधी कळवावे. पहिल्या भेटीला मी पाकळीयुक्त ल, देठयुक्त श, दऱ्या-दर्या आणि रफाराच्या जोडाक्षरांची एक चाचणी फाइल तयार करून आणते. तुम्ही आपापल्या मशीनवर ती उघडून पाहा.

आपली,
नौपाड्यातली एक अक्षरजुळणीकार